तीन डोंगर आणि एक मूल

पन्हाळ्याच्या सज्जाकोठीत उभं राहिलं की पूर्वेला आधी पावनगड दिसतो आणि त्याच्या मागे जोतिबाचा डोंगर. जोतिबावरून पाहिलं तर पावनगड पुन्हा पुढेच, पण मागे आता पन्हाळा. कोल्हापुरातल्या एखाद्या उंच गच्चीवरून पन्हाळा डावीकडे आणि जोतिबा उजवीकडे. डोंगर तेच तीन. आपण जागा बदलली की त्यांची रांग बदलते. मोठ्यांना हे कुणी सांगावं लागत नाही. माझ्या साडेचार वर्षांच्या भाचीला मी सज्जाकोठीत विचारलं, "आत्ता जोतिबावर कुणी उभं असलं तर त्याला इकडं काय दिसंल गं?" तिने समोर बोट दाखवून सांगितलं, "पावनगड, आणि त्याच्या मागं जोतिबा की!" जोतिबावर उभ्या माणसाला समोर जोतिबा कसा दिसेल, ही अडचण तिला आलीच नाही.

तिची आई ओशाळली. ओशाळण्यासारखं त्यात काही नव्हतं. ज्याँ पियाजे आणि बेर्बेल इनहेल्डर यांनी जिनिव्हातल्या मुलांना हाच प्रश्न टेबलावर मांडलेल्या तीन डोंगरांच्या नमुन्यावरून विचारला होता. एका डोंगरावर बर्फ, एकावर घर, एकावर क्रूस. पलीकडच्या बाजूला बाहुली बसवायची आणि बाहुलीला काय दिसतं ते चित्रांतून निवडायला लावायचं. लहान मुलं स्वतःला दिसणारंच चित्र उचलायची. उत्तर भरवशाचं व्हायला नऊ-दहा वर्षांचं वय उजाडायचं. त्यांचं हे पुस्तक १९४८ साली आलं आणि 'आत्मकेंद्री विचार' हा शब्द बालमानसशास्त्रात कायमचा बसला.

डी.एड.च्या वर्गात हा विषय मी बरीच वर्षं शिकवला. शिकवता शिकवता एक शंका मनात घर करून बसली. सिद्धांत मांडणारी ही थोर माणसंही त्या मुलांसारखीच आपापल्या खुर्चीत बसून डोंगर पाहत नव्हती ना? पियाजेला जिनिव्हातून दिसलं ते त्याने जगातल्या प्रत्येक मुलाचं म्हणून मांडलं. व्हायगॉट्स्कीला मॉस्कोतून दिसलं ते त्याने मांडलं. आपण इथे, पन्हाळा तालुक्यात, कुणाच्या खुर्चीत बसलो आहोत? या सगळ्या सिद्धांतांचा आढावा मला तिथूनच घ्यायचा आहे.

आपल्याकडे सिद्धांत नव्हते असं कुणी समजू नये. पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते. तिच्यासाठी कागद-लेखणी मांडून ठेवणारी घरं अजून आहेत. 'पाचवीला पुजलेलं' हा शब्दप्रयोग तिथलाच. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, खाण तशी माती, हे सगळं त्याच पंथातलं: मूल घडूनच येतं, आपण फक्त उलगडताना पाहायचं. चाणक्याच्या नावावर चालणारा श्लोक याच्या उलट टोकाचा आहे. पाच वर्षं लाड, पुढची दहा वर्षं मार, सोळाव्या वर्षी मित्र. म्हणजे टप्पेही आले आणि प्रत्येक टप्प्याला वेगळी वागणूकही आली. शिवाय बारसं, उष्टावण, जावळ, बोरनहाण. पालथं पडणं, बसणं, रांगणं, पहिला दात, पहिलं पाऊल हे सगळं आजीच्या बोटांवर असतं, आणि तिची नोंद दवाखान्यातल्या तक्त्यापेक्षा फारशी चुकत नाही.

पन्हाळ्यावर जन्मलेलं सर्वात प्रसिद्ध मूल म्हणजे मोरोपंत, १७२९ सालचे. त्या काळी शिकणं म्हणजे पाठांतर, आणि त्या पाठांतरातून निघालेल्या पंडिताची काव्यरचना आजही धाप लावते. ते तेहेतीस वर्षांचे होते तेव्हा, १७६२ साली, तिकडे रूसोचं 'एमिल' छापलं गेलं. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, त्याची स्वतःची रीत असते, असं त्यात होतं. पॅरिस आणि जिनिव्हा, दोन्हीकडे ते पुस्तक जाळलं गेलं. पुढे त्याच जिनिव्हात पियाजेने आयुष्य काढलं, ही इतिहासाची थट्टा म्हणायची.

विसाव्या शतकातल्या मानसशास्त्राच्या सुरुवातीला दोन ओढी होत्या. एक मोजण्याची. आल्फ्रेड बिने यांची बुद्धिमापन चाचणी १९०५ साली फ्रान्समध्ये आली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखण्यासाठी. मराठी मुलाला ती भेटली धारवाडमार्गे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तिथे बिनेच्या चाचणीचं कानडी आणि मराठी रूप तयार केलं. त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४० सालचं. आजही मतिमंदत्वाचा दाखला काढायला मुलाला इस्पितळात नेलं की पुष्कळदा पुढ्यात येते ती बिने-कामत चाचणीच. ऐंशी वर्षांपूर्वीच्या मुलांवरून काढलेल्या मानकांवर आजच्या पोराला तोलण्यात काय अर्थ, असं विचारलं तर समोरचे मानसतज्ज्ञ उसासा टाकतात. पर्याय आले आहेत, पण हाताशी असतं तेच वापरलं जातं. अगदी तान्ह्या बाळांसाठी प्रमिला फाटक यांनी बडोद्यात केलेलं काम याहून वरच्या दर्जाचं. बाळ कधी मान धरतं, कधी वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेतं, याची मानकं त्यांनी इथल्याच बाळांवरून बसवली. परक्या मापाने इथलं बाळ 'मागे' ठरू नये, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती.

दुसरी ओढ घडवण्याची. अमेरिकेत जॉन वॉटसनने १९२० साली एका तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची भीती बसवून दाखवली. उंदीर दिसला की मागून लोखंडी दांड्यावर हातोडा मारायचा. आज असा प्रयोग कुणी केला तर पोलीस येतील. १९२८ साली त्याने आयांना सल्ला दिला, मुलांचे मुके घेऊ नका, फार तर सकाळी हात मिळवा. आमच्याकडच्या एकाही आजीने हे ऐकलं नाही, हे बरंच झालं. बक्षीस-शिक्षेचं हे शास्त्र शाळेत मात्र आनंदाने स्वीकारलं गेलं, कारण छडी आधीपासून हातात होतीच. आता तिला पाश्चात्त्य आधार मिळाला. वर्तनवाद्यांना मी एका गोष्टीचं श्रेय देतो. सवय कशी लागते हे त्यांनी नीट दाखवलं, आणि आल्बर्ट बँडुराने १९६१च्या प्रयोगात त्यात मोलाची भर घातली. मोठ्या माणसाला रबरी बाहुलीला बडवताना पाहिलेली मुलं नंतर तशीच बडवायला लागली, तेच शब्द तोंडात घेऊन. शिकायला बक्षीस लागत नाही, समोर माणूस लागतो. पण मुलाच्या डोक्यात काय चाललंय, हा प्रश्न या मंडळींनी दारातच ठेवला.

तो घरात घेतला पियाजेने. पॅरिसमध्ये बिनेच्या जुन्या प्रयोगशाळेत तो तरुणपणी चाचण्या बसवण्याचं काम करत होता. बरोबर उत्तरं मोजणं हे त्याचं काम. त्याचं लक्ष गेलं चुकीच्या उत्तरांकडे. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने चुकतात हे त्याच्या ध्यानात आलं. ही माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वात मोठी घटना आहे. त्याच्या चार अवस्था पुढे प्रसिद्ध झाल्या, पण त्या दुय्यम. मुख्य गोष्ट ही की चूक म्हणजे अज्ञानाचं भगदाड नव्हे, तो एका विचारपद्धतीचा पुरावा आहे. पियाजे मूळचा गोगलगायी आणि शिंपले अभ्यासणारा जीवशास्त्रज्ञ. झाकलीन, ल्यूसिएन आणि लोराँ या आपल्या तीन मुलांकडेही त्याने तसंच पाहिलं, घाई न करता, वहीत नोंदी करत.

त्याचा पाण्याचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी, मग एकातलं उंच-अरुंद पेल्यात ओतायचं. पाच वर्षांचं मूल सांगतं, उंच पेल्यात जास्त. सातच्या पुढचं सांगतं, तेवढंच आहे, फक्त ओतलंय. पाण्याऐवजी इथे आपण उसाचा रस घेऊ. वय तेच, उत्तर तेच. पण पन्हाळ्याच्या पायथ्याला एका गुऱ्हाळावर मी हाच प्रश्न गुळाबाबत विचारला. गुळव्याचा सहा वर्षांचा नातू शेजारी होता. एक रवा फोडून दहा खडे केले, तर गूळ वाढला का? त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "फोडला म्हून वाढतोय व्हय?" मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला होता, त्यातही हेच आढळलं: मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते, हे कुंभाराच्या पोरांना इतर मुलांच्या आधी कळतं. वयाच्या कप्प्यांना पहिली चीर इथे पडते. हाताला जे रोज लागतं, त्याची समज लवकर येते.

दुसरी चीर डोंगरांच्या प्रयोगालाच पडली. मार्टिन ह्यूजने मुलांना डोंगर दाखवले नाहीत. फुलीसारख्या उभ्या भिंती, दोन पोलीस बाहुले, एक पोराचा बाहुला, आणि प्रश्न असा: या पोराला पोलिसांना दिसणार नाही असं लपव. साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांतली नव्वद टक्के बरोबर निघाली. मार्गारेट डोनाल्डसनच्या १९७८च्या पुस्तकामुळे हे जगभर पोचलं. तिचं म्हणणं असं की मुलाला दुसऱ्याच्या जागेवरून पाहता येतं, फक्त त्याला त्या पाहण्याचं कारण कळायला हवं. लपणं सगळ्यांना कळतं. टेबलावरच्या बर्फाच्या डोंगराकडे बघत बसलेल्या बाहुलीचं सुखदुःख कुणाला? माझी भाची सज्जाकोठीत चुकली आणि तासाभरात अंबरखान्यात भावाशी लपाछपी खेळताना भिंतीच्या नेमक्या त्या कोपऱ्यात सरकली जिथून तो तिला पाहू शकत नव्हता. तो फिरला तशी तीही फिरली. पियाजे चुकला असं मी म्हणणार नाही. त्याचा प्रश्न परका होता, एवढंच.

लेव्ह व्हायगॉट्स्की पियाजेच्याच वर्षी, १८९६ साली जन्मला आणि १९३४ साली क्षयाने गेला, वय अवघं सदतीस. त्याच्या देशात त्याचं लिखाण अनेक वर्षं दाबलं गेलं आणि इंग्रजीत त्याचं 'विचार आणि भाषा' १९६२ साली आलं. पियाजेचं मूल एकटं बसून जग उलगडतं. व्हायगॉट्स्कीचं मूल कुणाचं तरी बोट धरून. आज एकट्याने जमत नाही पण जाणत्याच्या मदतीने जमतं, त्या पट्ट्यात शिकणं घडतं, असं त्याचं सांगणं. आपल्याकडच्या गाइडमध्ये याला 'निकट विकास क्षेत्र' म्हणतात आणि विद्यार्थी ते मंत्रासारखं पाठ करतात. त्यापेक्षा दिवाळीतला किल्ला पाहावा.

पन्हाळ्यावर राहणारी मुलंही दिवाळीत पन्हाळाच बांधतात. दगड, विटा, पोती, वर मातीचा गिलावा, उतारावर पेरलेले अळीव. चौथीतलं पोर तीन दरवाजा बसवतं. कमानीला पट्टी धरून मातीचा थर कसा द्यायचा हे त्याला एकट्याने जमत नाही. आठवीतला भाऊ एक हात लावतो, सांगत काही नाही, आणि पुढच्या वर्षी ते पोर स्वतः करतं. इमारतीला परांची लागते आणि काम झालं की ती काढतात. जेरोम ब्रूनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली या मदतीला तेच नाव दिलं. मातीचे महाराज मात्र सिंहासनावर असे बसतात की त्यांचा जिरेटोप तटबंदीच्या वर जातो. प्रमाण चुकलं असं म्हणणाऱ्याला मूल कळलेलं नाही. महत्त्वाचं ते मोठं, हा लहानांच्या चित्रातला नियम तिथेही चालतो. आणि त्या किल्ल्यावर शिवा काशीद होऊन महाराजांच्या जागी पालखीत बसणारं सात वर्षांचं पोर, घरी धाकट्या बहिणीला चिमटे काढणारं, खेळात मात्र मरायच्या वेळीही हूं की चूं करत नाही. व्हायगॉट्स्की म्हणायचा, खेळात मूल स्वतःपेक्षा वीतभर उंच होतं. आणखी एक. किल्ला बांधणाऱ्या मुलाला पन्हाळा वरून, बाजूने, वेढ्याच्या बाजूने, सगळीकडून पाहावा लागतो. तीन डोंगरांच्या प्रयोगाची याहून चांगली तयारी मला माहीत नाही.

नाते आणि आपुलकी या बाजूला वळायला हवं. फ्रॉइडबद्दल फार लिहीत नाही. त्याच्या अवस्थांवर आता कुणी पैज लावणार नाही. जॉन बोल्बीने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी युद्धात आई-बापांपासून तुटलेल्या मुलांवर अहवाल लिहिला, त्यातून आसक्तीचा सिद्धांत उभा राहिला. मेरी एन्सवर्थने आधी युगांडात आणि मग बाल्टिमोरमध्ये बाळांचं निरीक्षण केलं आणि 'अनोळखी प्रसंग' नावाची चाचणी बसवली. आई खोलीबाहेर जाते, परत येते. बाळ कसं वागतं ते पाहायचं. यातलं मूळ, म्हणजे भरवशाचं माणूस जवळ असेल तरच मूल लांब जाऊन पाहतं, हे कुठेही खरं आहे. पण एक आई आणि एक खोली हे चित्र आपलं नव्हे. सुधीर काकर यांनी १९७८ साली 'द इनर वर्ल्ड' लिहिलं तेव्हा एकत्र कुटुंबातलं बालपण पहिल्यांदा मानसशास्त्राच्या भाषेत आलं. आमच्याकडे मूल आजी, काकू, आत्या, शेजारची वहिनी अशा हातांतून फिरत वाढतं. कडेवरून कडेवर. ती आई नसलेली वेळ नव्हे, तीही आईचीच वेळ.

काकरांचं घर मात्र तुलनेने बरं घर आहे. पन्हाळा तालुक्यातच वारणानगर आहे, साखर कारखाना आहे, आणि ज्याचं नाव देशभर झालं तो मुलांचा वाद्यवृंदही तिथलाच. ऐंशी-शंभर मुलं एका तालात वाजवताना ऐकली की वय आणि क्षमतेचे तक्ते गुंडाळून ठेवावेसे वाटतात. त्याच परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उसाच्या पाचटाची कोपी. पहाटे तीनला आई फडात, आणि कोपीत नऊ वर्षांची मुलगी दोन वर्षांच्या भावाला सांभाळते, चूल पेटवते, पाणी आणते. आसक्तीच्या सिद्धांताला या मुलाबद्दल विचारा. त्याला सांभाळणारी आई स्वतः मूल आहे. मोठ्या भावंडाने धाकट्याला वाढवणं जगातल्या पुष्कळ समाजांत आहे, संशोधकांनी त्याचं कौतुकही केलंय. पण नऊ वर्षांच्या पोरीचं स्वतःचं बालपण त्या हिशेबात कुठे धरायचं?

इथे मला सर्वात उपयोगी वाटतो यूरी ब्रॉन्फेनब्रेनर. १९७९ साली त्याने मांडलं की मूल एकात एक बसणाऱ्या डब्यांत वाढतं: घर, शाळा, शेजार, आणि ज्या जागी मूल कधी पाऊलही टाकत नाही अशा जागा. मुकादमाची वही ही तशी जागा. बापाने घेतलेली उचल किती, ती फिटली की नाही, यावर पोर मार्चमध्ये गावाकडच्या शाळेत परतणार की नाही हे ठरतं. साखरशाळा, गावी मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं, शाळेतून दिलं जाणारं शिक्षण हमी कार्ड, हे सगळे उपाय कागदावर आहेत आणि काही ठिकाणी जमिनीवरही. पण एका मुलाची इयत्ता वर्षात दोनदा तुटते, ही गोष्ट पियाजेच्या कुठल्याही अवस्थेत बसत नाही.

याच पोरांना आपण 'संयम नाही' म्हणतो. वॉल्टर मिशेलचा तो प्रसिद्ध प्रयोग: एक गोड गोळी आत्ता, थांबलास तर दोन. थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात, असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. २०१८ साली जास्त मोठ्या आणि गरीब घरांतल्या मुलांचाही समावेश असलेल्या गटावर तो तपासला गेला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर त्यातला बराचसा चमत्कार विरून गेला. त्याआधी २०१३ साली दुसऱ्या एका प्रयोगात दिसलं होतं की मोठ्या माणसाने आधी शब्द मोडला असेल तर मुलं फार वेळ थांबत नाहीत. ज्याच्या बापाला दर वर्षी काहीतरी कबूल करून नंतर हात वर केले जातात, त्या पोराने समोरची गोळी उचलली तर मी त्याला शहाणा म्हणेन.

हिशेबाचंही तेच. ब्राझीलच्या रस्त्यावर नारळ विकणारी मुलं गिऱ्हाइकाशी तोंडी हिशेब चुकवत नाहीत, पण तीच बेरीज कागदावर दिली की अडखळतात. हे १९८५ साली प्रसिद्ध झालं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारातल्या मुलांवर केलेला असाच मोठा अभ्यास २०२५ साली आला आणि त्यात उलट बाजूही दिसली: शाळेत गणित येणारी मुलं बाजारात गोंधळतात. पन्हाळ्यावर पावसाळ्यात कणसं भाजणाऱ्या बाईची मुलगी पाच कणसांचे पैसे, शंभराची नोट, उरलेले सुटे, सगळं तोंडी करते, मान वर न करता. शाळेत ती 'अप्रगत' आहे.

नीतीच्या विकासाकडे येऊ. लॉरेन्स कोहलबर्गने शिकागोच्या मुलग्यांना कोंडीत टाकणारे प्रसंग सांगून सहा पायऱ्या काढल्या. शेवटची पायरी तत्त्वनिष्ठ न्यायाची. सगळे मुलगेच, हे कॅरोल गिलिगनने १९८२ साली बोट ठेवून दाखवलं. मुली 'न्याय काय' यापेक्षा 'कुणाला दुखेल' असं विचारत असतील तर त्या खालच्या पायरीवर कशा? रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी भुवनेश्वरच्या जुन्या भागात विचारलं तेव्हा बाप गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापून कोंबडी खाणं हा तिथल्या मुलांना सर्वात गंभीर गुन्ह्यांपैकी एक वाटला. सुतकाचा अर्थ ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल नाही. मराठी वाचकाला हा प्रश्न साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिताना आधीच वेगळ्या तऱ्हेने सोडवून दिला होता. श्यामची सद्सद्विवेकबुद्धी तत्त्वातून येत नाही, आईच्या डोळ्यांतून येते. मानसशास्त्राने हे म्हणायला पन्नास वर्षं घेतली.

हे सगळं आपल्या शाळांत कसं उतरलं? दोन वाटांनी. एक खरी. ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा करण्यात हात लावला, माँटेसरीची पद्धत मनापासून अभ्यासली, आणि १९४५ साली बोर्डीला, पुढे १९५७ साली कोसबादच्या टेकडीवर गेल्यावर ती महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शंख, पानं, दगड हाती घेतले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा अंगणात न्यायची, गुरं राखायला गेलं असेल तर कुरणात. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द त्या मातीतले. अनुताई वाघ यांनी ते काम पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत केलं. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं आणि शिक्षा-बक्षिसांवाचून शाळा चालते हे याच जिल्ह्यात सिद्ध करून दाखवलं. या तिघींनी सिद्धांत आणला आणि मुलाच्या मापाने बेतला.

दुसरी वाट सरकारी. २०१५च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' मोहिमेत साताऱ्याच्या कुमठे बीटचं उदाहरण राज्यभर गेलं. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि शिक्षकांनी ज्ञानरचनावाद मनापासून राबवला होता, आणि बसेस भरून शिक्षक ते पाहायला गेले. परत येऊन बहुतेकांनी काय केलं? फरशा रंगवल्या. गोल, चौकोन, अंकांच्या शिड्या. मूल स्वतः ज्ञान रचतं हा जिनिव्हाचा विचार ऑइलपेंटमध्ये फरशीवर आला आणि दोन पावसाळ्यांत पुसला गेला. आणि २०१३पासून शिक्षक पात्रता परीक्षेत बालमानसशास्त्राला दीडशेपैकी तीस गुण आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५च्या निकालानंतर, ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायची आहे. वीस-पंचवीस वर्षं पोरांत घालवलेले गुरुजी रात्री गाइड उघडून 'मूर्त क्रियात्मक अवस्था: ७ ते ११ वर्षे' पाठ करत आहेत. गुळव्याच्या नातवाने या ओळीला सहाव्या वर्षीच सुरुंग लावला होता. पण उत्तरपत्रिकेत ते लिहिलं तर गुण जातो.

शहरांत तिसरी वाटही निघाली आहे, पण तिच्यावर शब्द खर्चावेत असं वाटत नाही. गर्भाला मोझार्ट ऐकवणारे वर्ग ज्या अभ्यासाचा हवाला देतात, तो १९९३ सालचा अभ्यास महाविद्यालयीन तरुणांवरचा होता आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांत संपला होता. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे वर्ग तर निव्वळ फसवणूक.

शेवटी एक विनंती, पन्हाळा तालुक्यातल्या माझ्या शिक्षक मित्रांना. यंदाच्या गळीत हंगामात कोप्या पडतील आणि फडावरची पोरं तुमच्या शाळेत बसायला येतील, तेव्हा त्यांची नावं घेताना इयत्तेच्या रकान्याशेजारी हाताने एक रकाना आखा आणि त्यात लिहा: 'काय येतं'. भाऊ सांभाळता येतो, चूल पेटवता येते, शंभराचे सुटे करता येतात, मोळी बांधता येते. मार्चमध्ये पोर परत निघेल तेव्हा त्या पानाचा फोटो काढून त्याच्या गावच्या गुरुजींना व्हॉट्सॲपवर पाठवा.